हालु आणि हाळु

गडहिंग्लज सोडलं तेव्हा ॲम्ब्युलन्समध्ये माझ्या मांडीवर कुकर होता आणि झाकण घरी राहिलं होतं. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी बायकोला, गिरिजाला, फिट आली. बीपी भडकलेलं. तान्ह्या लेकीला घेऊन सासूबाई मागच्या गाडीत बसल्या. दारातून माझे वडील, आण्णा, म्हणाले, "चार दिसांत येशीला की परत." आता दवाखान्याजवळ, कळंब्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत आम्हाला दुसरं वर्ष चालू आहे. तिकडची तुम्ही मंडळी आणि आमच्यासारखी इकडं आलेली, सगळी विचारता, परत का गेला नाहीत? म्हणून सांगतो.

गिरिजा संकेश्वरच्या पलीकडची, माहेरी कन्नड. पण शिकून मराठी शाळेत मराठीचीच बाई झाली. माझ्या व्हॉट्सॲपमधल्या वेलांट्यासुद्धा दुरुस्त करायची. ती शुद्धीवर आली आणि मराठी शब्दच सापडेनात. पाण्याला 'नीरु' म्हणायची, मधेच थांबायची, रडायची. कडी वाजली तरी दचकायची. लेकीला उचलायला भ्यायची, हातातून पडेल म्हणून. माझ्या आईनं नजर काढली, मी विनोद केले. दोन्हींचा गुण आला नाही.

मी मोटारी रिवाइंड करणारा, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळणारा. डॉक्टर मॅडमना विचारलं, वायंडिंग जळलंय का? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जळलेलं नाही, मेंदूला सूज आली होती, ती उतरलीय. पण विसरणं, शब्द अडकणं, ही भीती, हे रडणं, सगळं त्याच आजारातून आलंय. नाटक नाही, वेड नाही. वेळ लागेल. गोळ्या, बीपीची तपासणी आणि समुपदेशन चुकवायचं नाही. म्हणून कळंबा.

दवाखान्यातून येताना गिरिजानं एवढंच विचारलं, "मराठीची बाई म्हणून मी परत उभी राहीन का हो?"

असा अवघड प्रश्न आला की मी काहीतरी उद्योग काढतो. कन्नड शिकायला घेतलं. इतकी वर्षं सासरवाडीला नुसती मुंडी हलवून जेवलेलो. माझा सिद्धांत असा, की 'ळ' सढळ हातानं वापरला की कन्नड होतं. एकदा लेक भुकेनं रडायला लागली. सासूबाईंच्या समोर मी रुबाबात म्हणालो, "कूसिगे हाळु बेकु."

सासूबाई बघतच राहिल्या. गिरिजाच्या तोंडाला पदर गेला. मग ती हसली, फिट आल्यापासून पहिल्यांदा, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. म्हणाली, "अहो, हालु म्हणजे दूध. हाळु म्हणजे नासाडी. पोरीला नासाडी पाहिजे म्हणताय तुम्ही."

सगळं मराठीत, एका दमात. तिच्याही ते ध्यानात आलं. लगेच तिच्यातली बाई जागी झाली आणि मला दहादा 'ल' म्हणायला लावला.

एका हसण्यानं सगळं बरं झालं असं नाही. मधे फार वाईट दिवस आले. गोळ्या बदलाव्या लागल्या. थकली की शब्द अजून दडी मारतात. पण यंदा जूनपासून ती इथल्या शाळेत उभी राहते. अडकली की पोरांना सांगते, थांबा, शब्द वाटेत आहे. पोरं थांबतात. आमची लेक 'नीरु दे की' म्हणते, आणि माझी आई आली की हे कन्नड ऐकून मला विचारते, ह्या घरात मी पावणी हाय व्हय?

गेल्या सुट्टीत गडहिंग्लजला आलो. आण्णांना शाळेतलं सांगता सांगता गिरिजा अडकली. आपल्या घरात कुणी अडकलं की चौघं चार शब्द फेकतात, तेही ओरडून. या वेळी आण्णांनी हात वर केला.

"गप बसा समदी. येतोय तिचा शब्द."

आपलं घर इतकं गप्प मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला तर राहवेना, म्हणून तोंडात अख्खा लाडू कोंबला. शब्द आला. साधाच होता, 'हजेरी'. गिरिजा काही झालंच नाही अशी पुढं बोलू लागली.

तिची शाळा कळंब्यात, तेव्हा राहणं कळंब्यातच. पण घर कुठलं म्हणून कुणी विचारलं, तर मी आता दोन्ही गावं सांगतो. ती अडकल्यावर जिथं माणसं थांबतात, ते घर आमचं.