कुठूनही पाहिली तरी गोल

मिलिंद गेल्याचा फोन अनोळखी नंबरवरून आला, म्हणून मी तो दोनदा कापला. फसवणुकीचे फोन हल्ली इथे बहारीनमध्येही फार येतात. शेवटी उचलला, तर हमद टाउनमधले त्याचे शेजारी. तरीही मी संशयानं विचारलं, "कोणता मिलिंद?" ...तोच होता, माझा मित्र.

तो नागपूरचा, मी सांगलीचा. एकाच कंपनीत शेजारच्या टेबलांवर आमची बरीच वर्षं गेली. ऑफिसातली अफवा असो की व्हिसाचा नवा नियम, तो डोळे बारीक करायचा, "तुले कसं समजलं बे?" मोठ्यांनी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासायचं, हे त्यांच्या बौद्ध घरात लहानपणापासूनचं. मागच्या चंद्रग्रहणाला त्यानं आमच्या सगळ्यांच्या मुलांना अमवाजच्या किनाऱ्यावर नेलं. ग्रहणात खात नाहीत, म्हणून मुद्दाम कांदाभजी घेऊन. चंद्रावर काळी कड चढू लागली तसा म्हणाला, "ही आपल्या पृथ्वीची सावली. जुन्या ग्रीकांनी यावरूनच ताडलं, पृथ्वी गोल आहे." माझी मुलगी लगेच म्हणाली, "बट अंकल, प्लेटचीपण शॅडो राउंडच असते ना!" तो असा खूश झाला, जणू बक्षीसच मिळालं. भज्यांची प्लेट रिकामी करून त्यानं टॉर्चपुढे धरली आणि हळूहळू तिरकी केली. वाळूवरची सावली लांबट झाली, मग नुसती रेघ उरली. मग पिशवीतलं संत्रं धरलं. कसंही फिरवा, गोलच. "एका ग्रहणावर त्यांनी भरवसा नाही ठेवला. चंद्र कुठंही असो, दरवेळी कड गोलच, हे पाहिलं. दक्षिणेला गेलं की नवे तारे दिसतात, तेही जुळलं. एक खूण फसवते रे पोट्टेहो, सगळ्या मिळून नाही फसवत."

नागपूरचे विधी उरकून मिलिंदची बायको, सुषमावहिनी, इथलं घर आवरायला परत आल्या, तेव्हा मी भेटायला गेलो. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की हृदयाचे ठोके बऱ्याच महिन्यांपासून चुकत असणार, चक्कर येत असणार. चहाचा कप पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाले माहीत होतं ना?"

"नाही हो वहिनी. शपथ घेऊन सांगतो."

"गाडी चालवणं सोडलं त्यानं. रोज तुमच्यासंगं यायचा-जायचा. मले म्हणे, ट्रॅफिकचा कंटाळा आला."

"मलाही तेच म्हणाला."

"एवढी दोस्ती, अन् तुम्हाले नाही सांगितलं? मले नाही पटत."

आपल्याला माहीत नव्हतं, हे कसं सिद्ध करणार? आणि घरी परतताना मलाच माझा संशय यायला लागला. जिन्यात मध्येच थांबून तो बुटाची नाडी बांधायचा, मी मानलं. डबा अर्धा ठेवायचा, भूक नाही म्हणायचा, तेही मानलं. एकेक गोष्ट मी सुटी सुटी पाहिली... की सगळ्या एकत्र पाहायच्याच नव्हत्या मला? कळलं असतं तर हॉस्पिटलला न्यावं लागलं असतं, भांडावं लागलं असतं. न कळणं सोपं होतं.

परतीच्या दिवशी वहिनींना विमानतळावर मीच सोडायला निघालो. त्यांनी पुढचं दार उघडलं आणि थबकल्या. "ही सीट अशी पाडलेली काऊन?"

"मिलिंदची. अशीच पाडून बसायचा. म्हणायचा, आकाश चांगलं दिसतं. मी तशीच ठेवलीय."

त्या बसल्या, पाठ टेकली. मी गाडी सुरू केली. ईसा टाउन मागे पडेपर्यंत त्या वरच पाहत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, इथून आकाश नाही दिसत. छत दिसते."

मी गाडी कडेला घेतली.

"तुम्ही कधी बसून नाही पाहिलं इथं?"

"नाही."

"बसून पाहिलं असतं, तर तुम्ही ते आकाशाचं मले सांगितलंच नसतं," त्या म्हणाल्या. "चक्कर यायची म्हणून पडून राहायचा तो. खरंच माहीत नव्हतं तुम्हाले." मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "चला. विमान सुटन."

त्यांना सोडून आल्यावर पार्किंगमध्ये मी पलीकडून जाऊन त्या सीटवर पडलो. करड्या कापडाचं छत, दिव्याजवळ एक डाग. एवढंच. सीट मी अजून सरळ केलेली नाही.