चार बिऱ्हाडांची मालकीण

लग्न झाल्यापासून अक्कानं घरं बदलली ती दुसऱ्यांच्या मर्जीनं. एका मालकाला तिच्या शिलाई मशीनची खडखड सोसेना, दुसऱ्याच्या मुलाचं लग्न ठरलं, तिसऱ्यानं कारण सांगायचीही तसदी घेतली नाही. नवरा टेम्पो चालवायचा. "सामान हलवायला भाडं पडत नाही, एवढं तरी नशीब," असं म्हणत तो मशीन चढवायचा. अक्काला मात्र हसू येत नसे.

म्हणून चार बिऱ्हाडांची ती जुनी दुमजली इमारत विक्रीला निघाली, तेव्हा तिनं थेट बँक गाठली. कर्जाचा साहेब म्हणाला, "यजमानांना घेऊन या."

"यजमानांना सुईत दोरा ओवता येत नाही. हप्ते माझ्या शिलाईतून जाणार आहेत, माझ्याशीच बोला."

धाकट्या भावानं तर डोक्याला हात लावला. "अगं, एक छोटा फ्लॅट घे ना! हा पसारा कशाला?"

"फ्लॅटमध्ये मीच राहणार, म्हणजे सगळा हप्ता माझ्या उरावर. इथं एका खोलीत मी राहीन, तिघं भाडं देतील. एक गेला तरी दोघं उरतात."

"आणि तिघंही गेले तर?"

"तर तुझ्याकडे राहायला येईन," अक्का म्हणाली.

घाईत एक चूक मात्र झाली. गच्चीची चावी हरवलीय, असं दलालानं सांगितलं आणि तिनं गच्ची न बघताच इमारत विकत घेतली. राहायला आल्यावर पंधरवड्यातच वरच्या मजल्यावरच्या तिच्या खोलीचं छत ठिबकायला लागलं. चौकशी केली, तर गच्चीला कुलूप शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूचं, कबुतरवाल्याचं! जुना मालक कधी फिरकायचा नाही, म्हणून या गड्यानं वर खुराडी बांधून आपलं राज्य थाटलं होतं.

अक्कानं त्याचं दार वाजवलं. "गच्ची उघडा, टाकी बघायचीय."

त्यानं तिच्या गळ्यातल्या मापाच्या टेपकडे पाहिलं. "मालकांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो."

"मालक तुमच्या दारात उभे आहेत."

तो हसला आणि त्यानं दार लावून घेतलं. तासाभरात अक्का कुलूपवाल्याला घेऊन आली. कुलूप तुटताना कबुतरवाला जिन्यात येऊन आरडाओरडा करू लागला. खालची बिऱ्हाडंही बाहेर आली. अक्का पायरीवरून हलली नाही. गच्चीवर जाऊन पाहिलं तर खुराड्यांच्या भारानं टाकीचा पाइप वाकून फुटला होता.

"खोलीत तुम्ही खुशाल राहा," ती म्हणाली. "पण खुराडी या महिन्यात खाली उतरवायची. गच्ची सगळ्यांची आहे."

त्यानं रागानं खोलीच सोडली. ती दोन महिने रिकामी राहिली. भाऊ फोनवर म्हणाला, "बघ, मी सांगत होतो! अजूनही विकून टाक."

"दोघांचं भाडं येतंय. उरलेलं मी शिवून काढते. तुला वेळ असेल तर भिंती रंगवायला ये."

तो आला नाही. अक्कानं आणि तिच्या नवऱ्यानंच खोली रंगवली. दलालानं चांगल्या घरची माणसं आणतो म्हणून सांगितलं. पण अक्कानं ती खोली दोन मुलांना घेऊन एकटी राहणाऱ्या, रुग्णवाहिका चालवणाऱ्या बाईला दिली. बाईची कामाची वेळ धड नसते म्हणून तिला कुणी दारात उभं करत नव्हतं.

"लोक बोलतील," दलाल कुरकुरला.

"बोलू देत. भाड्याच्या पावतीवर सही माझी असते."

आता गच्चीवर चारही घरांचे कपडे वाळतात. परवा भाऊ आला, कोरड्या छताकडे बघत हळूच म्हणाला, "अशी आणखी एखादी इमारत निघाली, तर मलाही सांग, भागीत घेऊ."

"सांगेन," अक्का म्हणाली, "पण गच्ची आधी मी बघणार. आणि मालकीण मीच."