सरांचा डावा कान

गंगाधर हणमंते सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते उदगीरला, आमच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात. दहावीनंतर लातूरला चित्रकला शिकायला जाण्याचा माझा हट्ट अब्बांनी मोडून काढला होता. तालुक्याच्या चित्रस्पर्धेला परीक्षक म्हणून आलेल्या सरांच्या कानावर हे कसे गेले कोण जाणे, ते सरळ दुकानात आले. वाद घातला नाही. गंजलेली पाटी उतरवली आणि चार तास मांडी घालून नव्याने रंगवली. शेवटी अब्बाच म्हणाले, “मास्तर, पोरीला घेऊन जावा. पन पाटीवर माझं नाव जरा मोठं लिवा.”

सरांनी लातूरच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हाला घडवले. त्यांची चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. वलयात वलय, जांभळ्यात नारिंगी, बघता बघता डोके गरगरावे अशी. त्यांच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेत मी मोठ्या दिमाखात लिहिले होते की ही वलये म्हणजे काळ्या रानात नांगराने पाडलेल्या तासांचे ध्यानस्थ रूप आहे. सर वाचून म्हणाले, “बरं लिहिलंस.” मी चार दिवस हवेत होते.

सरांची शिस्तही आपल्याला ठाऊक आहे. शेडमध्ये गाणे बंद. हा नियम आमच्या पहिल्याच महिन्यात पडला. एकाने रेडिओ लावला होता. सर आत आले, उजव्या कानावर तळवा दाबून जागीच थांबले. रेडिओ बंद झाला तो कायमचा. पुढच्या प्रत्येक तुकडीला आम्ही बजावले, सरांना गाणे खपत नाही. स्नेहसंमेलनात त्यांची खुर्ची आम्ही कर्ण्यापासून सर्वांत लांब मांडायचो. माझ्या लग्नात तर सर जेवून जाईपर्यंत बँडवाल्यांना गप्प बसवले होते. गुरूंचे मन राखले म्हणून मलाच माझे कौतुक वाटले होते.

गेल्या महिन्यात सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी जुनी छायाचित्रे आणायला मी कंधारला सरांच्या थोरल्या बहिणीकडे, अनुसयाअक्कांकडे गेले. त्यांनी एक फोटो हातात ठेवला. खांद्यापर्यंत केस, पायघोळ पँट, तोंडाला माईक, डोळे मिटलेले.

“हा कोण हो?”

“कोन म्हंजे? तुमचे सर हायत की! हैदराबादला शिकाया गेला अन् तिथं विंग्रजी गाणी म्हनू लागला. लई वरडायचा. इथं म्हनून दाखवलं तर म्हशी दावं तोडायच्या.”

मी फोटो खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला. ज्या माणसापुढे आम्ही शिट्टीही वाजवली नव्हती, तो गायक होता!

लातूरला उतरले ती तडक सरांकडे गेले. फोटो पाहून ते लाजले.

“सायकेडेलिक रॉक म्हणायचे त्याला,” ते म्हणाले. “एकेक गाणं अर्धा तास चालायचं. गाणं चालू असताना दिव्यापुढं काचेच्या बशीत रंगीत तेल हलवायचं आणि त्याचा उजेड मागच्या भिंतीवर सोडायचा. तेच काढून राहिलो अजून.”

“म्हणजे ते नांगराचे तास?”

“ते गिटारचे सूर हायत, रेहाना. तू इतकं मन लावून लिहिलं होतं, म्हणून बोललो न्हाई.”

मग सारेच कळले. चार वर्षे मोठ्या स्पीकरला खेटून गाण्यात त्यांचा उजवा कान गेला होता. डावा वाचवायचा तर स्टेज सोडा, असे डॉक्टरांनी सांगितले. सरांनी गाणे सोडले आणि कुंचला धरला.

“पण ऐकायला काय हरकत होती? रेडिओ का बंद करायला लावलात?”

“मी?” सर माझ्याकडे बघतच राहिले. “तुम्हीच बंद केला की. उजव्या कानात नुसतं घुंईऽऽ व्हायचं, म्हणून तो दाबून डाव्यानं ऐकत होतो. चांगलं गाणं लागलं होतं. मला वाटलं, पोरांना काम करताना शांतता लागते. कशाला त्रास द्यायचा?”

तीस वर्षे! त्यांनी आमचे मन राखले, आम्ही त्यांचे राखले आणि एकानेही तोंड उघडून विचारले नाही. मला रडू आवरेना. सर माझी समजूत काढू लागले, त्याने तर अधिकच मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यातच सरांच्या पत्नी, कमलकाकू, हळूच बोलल्या, “आता डाव्यानं बी कमी येतंय. डॉक्टर म्हणतात, वरीसभर टिकला तर टिकला.”

सत्काराला काय हवे, असे मी विचारले. सर म्हणाले, “भाषण एकही नको. ज्याला जे म्हणायचंय ते गाऊन म्हणा. बेसूर चालेल. फक्त डावीकडून.”

तेव्हा मंडळी, अमृतमहोत्सवाला भाषणे होणार नाहीत. माझा गळा कसा आहे हे सरांच्या माघारी ऐकलेल्या सर्वांना माहीत आहे, तरी पहिले गाणे माझेच. सरांना शंभरी लाभो, हात असाच चालता राहो, ही प्रार्थना आपण सारे करूच. मी मात्र रोज आधी एवढेच मागते की आम्ही गाऊन होईपर्यंत तो कान शाबूत राहो.