नळ सुटला की सर्व्हर पडतो

महांतेशला एका जागी बसता येत नाही. लातुरात गंजगोलाईमागच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करतो, तेव्हाही त्याचा एक पाय हलतच असतो. आमच्या गल्ल्यांत नळाला आठवड्यानं पाणी येतं, कधी येईल त्याचा नेम नाही, आणि वाट बघणं या माणसाला सोसत नाही. म्हणून त्यानं वेबसाइट केली. नळाला पाणी सोडणाऱ्या वॉलमन धोंडप्पानं वॉल उघडला की फोनवरून कळवायचं, साइटवर त्या गल्लीचं नाव झळकणार. आम्ही खूश.

पण एरवी ठणठणीत असलेला सर्व्हर नेमका पाणी सुटलं की पडायचा. महांतेश जेवण टाकून पळायचा, पुन्हा चालू करायचा. तोवर नळ गेलेला. ज्यांचं पाणी हुकलं त्या बायका रिकाम्या घागरी घेऊन दुकानात यायच्या.

"तुझं ह्ये नव्हतं तवा पाणी तरी भेटायचं," एकीनं सुनावलं. ते त्याला फार लागलं.

त्यानं सर्व्हरची मेमरी वाढवली. तरी पडला. मग साइटचं पान उघडणाऱ्याला त्याच्या फोनचं ठिकाण साइटवरूनच विचारायला लागला, आणि उत्तरं बघून भडकलाच.

"ह्ये बगा काका! हैदराबाद, पुणे, दुबई! यांचा आपल्या नळाशी काय संबंध? मुद्दाम पाडायलेत."

मला पटलं नाही, पण याच्यापुढं बोलणार कोण? फोन लातुरात असेल तरच पान उघडेल, अशी अट त्यानं घातली. पुढच्या पाण्याला सर्व्हर हललासुद्धा नाही. स्वारी ताठ मानेनं गल्लीतून हिंडली.

हिंडता हिंडता कोपऱ्यावरच्या पारूबाईच्या दारात थबकली. म्हातारी एकटी राहते, फोन साधा बटणांचा. दारातले हंडे पालथेच होते.

"अक्का, पाणी न्हाई भरलं?"

"कळलंच न्हाई बाबा. माझी दामिनी तिकडं हैदराबादला तुझं पान बघती अन् फोन करती, आई, पाणी सुटलं म्हणून. या खेपेला केलाच न्हाई."

महांतेशचा चेहरा उतरला. "आमच्या टाकीतलं आणून देतो."

"पाणी कुणीबी दील रे. पोरीचा फोन पाण्यालाच येतो. एरवी तिला सवड न्हाई."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाऊन त्यानं आधी ती अट काढली. आता दोष द्यायला परकं कोणी उरलं नव्हतं, तेव्हा कुठं स्वतःच्या कामाकडं नीट बघितलं. जो येईल त्याच्यासाठी सर्व्हर साऱ्या गल्ल्यांची माहिती पहिल्यापासून गोळा करत बसायचा. गर्दी झाली की दमून पडायचा. महांतेशनं बदल केला. धोंडप्पानं कळवलं की पान एकदाच बनवायचं आणि तेच तयार पान सगळ्यांना द्यायचं. चालेल की नाही, हे मात्र पाणी सुटल्याशिवाय कळणार नव्हतं. तेवढे दिवस त्यानं घरच्यांना आणि मला भंडावून सोडलं.

पाणी सुटलं तेव्हा तो पारूबाईच्या दारातच उभा होता. हातात मोबाइल. पान उघडलं. उघडंच राहिलं. आणि आत फोन वाजला.

पारूबाई बोलत बसली. इकडं हंडा भरून वाहायला लागला.

"अक्का, पाणी!" महांतेश ओरडला.

तिनं हातानंच त्याला गप्प केलं. मग त्यानंच हंडा सरकवला, दुसरा लावला आणि तिचं बोलणं संपेपर्यंत भरत राहिला.