फ्रेंचच्या वर्गातलं बागकाम

भीतीचे दिवस असले की किस्से फार साठतात. तेव्हा ते कुणाला सांगायची सोय नसते ना! आणीबाणीत जालन्याला आम्ही तिघं फ्रेंच शिकत होतो, तेव्हाचे हे.

रंगनाथराव सरांची पंधरा वर्षं पाँडिचेरीत नोकरीत गेलेली. रिटायर होऊन गावी आले आणि घरातच क्लास काढला. नियम एकच, पुस्तकी फ्रेंच नको, दोस्तीतलं बोला. "तेम फेर क्वा?" म्हणजे, काय रे, तुला काय करायला आवडतं?

खिडकीखालून जाणाऱ्या कुणीतरी ते ऐकलं. आठ दिवसांत चौकीवर बातमी, "सरांच्या घरी लोकं खुणेच्या बोलीत बोलून राह्यले!"

*

आमच्यात खरी धास्ती गौतमला. त्याचा मोठा भाऊ मिलिंद सरकारविरुद्ध पत्रकं वाटून फरार झालेला. पोलीस दोनदा गौतमच्या खोलीवर येऊन गेले होते. गौतमचं एकच उत्तर, "मला माहीत न्हाई."

आम्हीही कधी विचारलं नाही. कळलं तर आपल्यालाही सांगावं लागेल! खरं सांगतो, त्याच्या शेजारी बसायची मला भीती वाटायची, आणि त्या भीतीची लाजही वाटायची.

*

विमलताई अंबडच्या कोर्टात टायपिस्ट. सरांनी त्यांना प्रेमानं विचारलं, "तेम फेर क्वा?"

ताई ताडकन उभ्या राहिल्या. "सर, मला कसलाच छंद न्हाई. पाहिजे तर लिहून देते!"

*

मग एक दिवस हवालदार आले. साध्या कपड्यात, पण बूट खात्याचे. दाराशी सतरंजीवर बसले. "चालू द्या सर. म्या नुसता ऐकून राह्यलो."

सरांना दरदरून घाम फुटला. त्यांनी मला छंद विचारला. मी म्हणालो, वाचन. सरांनी डोळे वटारले. "वाचन कशाला? बागकाम म्हणा!"

रेडिओचं तर नावच नको. त्या दिवशी अख्ख्या वर्गाला बागकाम आवडायला लागलं. गौतमच्या खोलीत तांब्या ठेवायला जागा नव्हती, तोही गुलाब लावून मोकळा झाला!

*

मी बदनापूरला मास्तर, रोज रेल्वेनं ये-जा. एकदा सकाळी फलाटावर मागून आवाज आला, "तेम फेर क्वा?"

वळून पाहतो तर हवालदार! फ्रेंच सोडा, मराठीही आठवेना. "बा... बागकाम!"

"बराबर," म्हणाले, आणि पुढच्या डब्यात चढले. घरी आल्यावर बायकोला सांगून टाकलं, "माझी नोकरी गेली समज."

*

दोन महिने ते नेमानं येत राहिले. एकदा विमलताईंना काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी हवालदारांनाच विचारलं, "तेम फेर क्वा?" आम्ही गार!

हवालदार चक्क लाजले. "चित्रं काढतो," म्हणाले, आणि खिशातून घडी घातलेले कागद काढले. पेन्सिलीनं काढलेली आमची तोंडं! सर, विमलताई, मी. इतकी हुबेहूब, की कुठल्याही चौकीत आम्हाला ओळखलं असतं.

शेवटच्या कागदावर गौतमचा फरार भाऊ, मिलिंद होता. भाकरी खात बसलेला. मागं गौतमच्या खोलीचं दार, मोडक्या कडीसकट.

गौतम भिंतीला टेकला होता. हवालदारांनी तो कागद उजेडाकडे धरून नीट पाहिला, पुन्हा घडी घातली आणि त्याच्या हातात दिला.

"ह्यो काई बराबर जमला न्हाई. तुमीच ठेवा."