आईच्या शालीचं अस्वल

संक्रांतीनंतरचा शुक्रवार, सेलूला धाकट्या बहिणीकडे हळदीकुंकू. हजर ती, तिची सासू, गल्लीतल्या बायका आणि मी. आई गेल्यावर तिच्या तपकिरी शालीचं अस्वल शिवून मी बहिणीला पर्स म्हणून दिलं होतं. पाठीला चेन, हातपाय बटणांवर फिरणारे, आणि लोकरीला अजून आईच्या पेटीतल्या कापराचा वास. "लय भारी हाय गं, कुठून आणलंस?" बहिणीच्या खांद्यावरचं अस्वल बघून एकीनं विचारलं. "पुण्याहून मागवलं," बहीण माझ्यासमोरच म्हणाली. शाल कुणाची, हे तिला माहीत होतं. स्वयंपाकघरात मी तिला गाठलं, तर हसत म्हणाली, "अगं ताई, घरी शिवलेलं म्हणलं की बाया नाक मुरडतात. माझ्या नणंदेलाही एक करून दे ना." उरलेली शाल मी आज उन्हात घातली, कात्री अजून लावलेली नाही.