विशेषण नसलेलं मानपत्र

महाडात कोणाचाही सत्कार ठरला की मानपत्र लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. निवृत्त मुख्याध्यापक, माजी सरपंच, बदली झालेले बँक मॅनेजर, सगळे माझ्या हातून अष्टपैलू होऊन गेले आहेत.

गेल्या वर्षी माझ्या मित्राचा सत्कार ठरला, तेव्हा मात्र मी एकही विशेषण वापरलं नाही.

तो पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला. कॉलेजात आम्ही एकाच संघातून फुटबॉल खेळायचो. भात कापल्यावर रिकाम्या खाचरांत खेळून तयार झालेला, त्यामुळे बांध ओलांडावा तसा समोरच्याचा पाय ओलांडून जायचा. पण जास्त चांगला खेळाडू मी होतो. हे मी एकटाच म्हणत नाही; तेव्हा आणखी दोघं-तिघं म्हणायचे. आखातातल्या एका क्लबासाठी मुलं बघायला मुंबईहून एक गृहस्थ आले आणि त्यांनी आम्हा दोघांनाही निवडलं. माझ्या हातात शाळेतल्या नोकरीची ऑर्डर होती. तो गेला.

मग बारा वर्षं मस्कत, बहारीन, मालदीव, पुन्हा मस्कत. मैदानावरचे फोटो पाठवायचा. मी ते मोठे करून मागच्या रिकाम्या खुर्च्या बघायचो.

तर मी लिहिलं: ‘हा खेळाडू तीन देशांत सहा क्लबांत होता. सर्व क्लब दुय्यम श्रेणीतले. बहुतेक सामने त्याने राखीव बाकावरून पाहिले.’ हे सगळं त्यानेच मला फोनवर वेळोवेळी सांगितलेलं. सत्य लिहिल्याचं समाधान दुसऱ्याबद्दल लिहिताना चटकन मिळतं.

सत्कार करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष कागद वाचून म्हणाले, “सर, ह्याच्यात कौतुक कुठं हाय?” आणि त्यांनी तो थेट सत्कारमूर्तीकडेच पाठवला.

दुसऱ्या दिवशी तो खजुराचा डबा आणि तो कागद घेऊन घरी आला. मी खुलासा जुळवत होतो. त्याने मोठ्यानं वाचलं आणि खो-खो हसला.

“एक राहिलं रे ह्यात. शेवटच्या क्लबात मी बाकावर पण नव्हतो. पोरांचे बूट पुसायचो, बॉलांत हवा भरायचो. सकाळी सरावाला उतरू द्यायचे, म्हणून राहिलो. ते पण घाल.”

“सगळ्यांसमोर वाचू?”

“मग! वाडीतली माणसं येणार हायत. त्यांना कळूंदे, मी तिकडं काय करत व्हतो ते.”

तो बोलत असताना मला ते सभागृह दिसलं. हे वाचल्यावर आधी शांतता होईल, आणि मग ज्या टाळ्या पडतील त्या खऱ्या असतील. सकाळच्या तासभर खेळासाठी दुसऱ्यांचे बूट पुसावेत, इतकं मला आयुष्यात काहीच हवंसं वाटलं नव्हतं. ते त्याला वाटलं होतं, आणि आता ते मी माझ्याच तोंडाने गावाला सांगायचं होतं.

तो गेल्यावर मी जुन्या मानपत्रांची फाईल काढली.

कार्यक्रमात ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीचे’, ‘कोकणचे भूषण’ असं सगळं खणखणीत वाचलं. अध्यक्ष खूश झाले. शाल-श्रीफळ घेतलेला तो अगदी बदली झालेल्या बँक मॅनेजरसारखा दिसत होता. मागच्या रांगेत त्याच्या वाडीतली माणसं परक्याच्या लग्नाला आल्यासारखी अदबीने बसली होती.

खाली उतरल्यावर मानपत्राची फ्रेम बगलेत धरून तो माझ्याजवळ आला.

“चांगलं वाचलंस,” म्हणाला. मग फ्रेमवर बोट ठेवून, “कोण रे तो?”